सर्व्हरवरचे ॲप्ट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दादरमधील एका ग्रंथालयाची पुस्तकसूची ज्या सर्व्हरवर चालते, त्याची देखभाल गेले नऊ महिने माझ्याकडे आहे. त्यावर डेबियन 12 ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम आहे. मॉनिटर आणि माउस जोडलेले नसल्याने मुलुंडच्या घरून एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीने) लॉगिन करून सगळे कमांड टाइप करूनच करावे लागते. पॅकेज (बसवण्यासाठी बांधून दिलेले सॉफ्टवेअर) बसवणे, अद्ययावत ठेवणे आणि काढणे ही सर्व कामे मी ॲप्ट या डेबियनच्या कमांडने केली आणि माझे मत बहुतांशी अनुकूल आहे.

नव्या माणसाचा पहिला गोंधळ नावांवरून होतो. 'ॲप्ट अपडेट' काहीच अद्ययावत करत नाही, ते फक्त उपलब्ध पॅकेजची यादी ताजी करते. नव्या आवृत्त्या बसतात त्या 'ॲप्ट अपग्रेड'ने. कोणत्या पॅकेजला आणखी कशाची गरज आहे हे ठरवणे, फाइली उतरवणे आणि यादीवरची डिजिटल सही तपासणे हे ॲप्टचे काम. पॅकेज उलगडून जागच्या जागी बसवतो तो ॲप्टच्या हाताखालचा डीपीकेजी हा प्रोग्राम. ही वाटणी मला खरी समजली ती जुलैमध्ये. मुसळधार पावसात अपग्रेड चालू असताना घरचे इंटरनेट गेले, आणि पुन्हा लॉगिन केल्यावर ॲप्टने पुढचे कोणतेही काम करण्यास नकार दिला. मात्र डीपीकेजीचे काम अर्धवट राहिले आहे आणि 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड चालवावी, हे त्याच संदेशात स्पष्ट लिहिले होते. ती चालवताच अडलेली पॅकेजे रांगेने पूर्ण झाली. तेव्हापासून मी प्रत्येक अपग्रेड टीमक्सच्या (सर्व्हरवरच टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) आत चालवतो, म्हणजे जोडणी तुटली तरी काम सर्व्हरवर चालूच राहते.

मला सर्वाधिक भावलेली गोष्ट म्हणजे कॉन्फिगरेशन फाइलींबद्दलचा (प्रोग्रामच्या सेटिंग असलेल्या फाइलींबद्दलचा) आदर. आपण हाताने बदललेली फाइल नव्या पॅकेजमध्येही बदललेली असेल, तर डीपीकेजी थांबून विचारतो. 'डी' दाबले की दोन्हींतील फरक दिसतो, आणि नुसते एंटर दाबले तर आपलीच फाइल कायम राहून नवी फाइल शेजारी 'डीपीकेजी-डिस्ट' या शेपटीसह ठेवली जाते. डेटाबेसच्या मेमरीचे आकडे मी अनेक रात्री जागून बसवले होते. ते या एका प्रश्नामुळे वाचले.

'फुल-अपग्रेड'बाबत मात्र सावध राहावे. साधे अपग्रेड बसवलेले कोणतेही पॅकेज काढत नाही, फुल-अपग्रेड गरज पडल्यास काढते. बाहेरच्या एका रिपॉझिटरीतून (पॅकेजच्या ऑनलाइन भांडारातून) पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा घेतल्यानंतर मी आधी '-एस' लावून रंगीत तालीम घेतली, तेव्हा काढायच्या यादीत पुस्तकसूचीला लागणारी दोन पॅकेजे दिसली. ती रिपॉझिटरी मी त्याच रात्री बंद केली.

माझी खरी तक्रार एकच आहे: मागे फिरण्याची सोय नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सकडील डीएनएफमध्ये (तिथल्या ॲप्टसारख्या साधनात) झालेला व्यवहार, म्हणजे पॅकेज बसवणे-काढणे, उलटवण्याची कमांड आहे. ॲप्टमध्ये 'व्हार/लॉग/ॲप्ट'मधील हिस्ट्री लॉग तारीख, कमांड, जुनी आणि नवी आवृत्ती चोख नोंदवतो, पण परतीचा रस्ता आपणच शोधायचा. त्यातून, पॅकेज नीट बसले की 'ॲप्ट' उतरवलेली फाइल पुसून टाकते (तिची जुनी भावंड कमांड 'ॲप्ट-गेट' पुसत नाही), आणि सुरक्षा दुरुस्ती आल्यावर जुनी आवृत्ती रिपॉझिटरीत सापडेलच असे नाही. म्हणून उतरवलेल्या फाइली जपून ठेवण्याची सेटिंग मी सुरू केली आहे. डिस्क भरत आली तरी तेथे 'ऑटोक्लीन' मी चालवत नाही, कारण ती नेमक्या त्याच फाइली पुसते ज्या रिपॉझिटरीतून आता मिळत नाहीत. दर महिन्याला यादी पाहून, सर्वांत जुन्या फाइली हातानेच काढतो.