इंकस्केप : दोन वर्षांच्या वापरानंतर

छत्रपती संभाजीनगरात उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्यासमोर दोनच वाटा होत्या : ॲडोबी कंपनीच्या इलस्ट्रेटर या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरची वर्गणी भरायची, किंवा वर्गातल्या अनेकांप्रमाणे पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली, प्रत टाकून घ्यायची. ॲडोबीने यापुढच्या आवृत्त्या केवळ वर्गणीवरच मिळतील असे २०१३ मध्ये जाहीर केले. विद्यार्थ्यांना सवलत असते, पण पहिल्या वर्षानंतर दर वाढतो आणि वर्गणी थांबली की कामही थांबते. ज्या घरात पैसा सोयाबीनची पट्टी झाल्यावरच येतो, तिथे दरमहा खात्यातून कापली जाणारी रक्कम बसवायची कशी? क्रॅक प्रतीने लॅपटॉप बंद पाडला, तेव्हा नाइलाजाने मी इंकस्केपकडे वळलो.

सोडीपोडी या प्रकल्पातून २००३ मध्ये वेगळे झालेले हे व्हेक्टर, म्हणजे रेषा आणि आकारांतून चित्र घडवणारे, सॉफ्टवेअर पूर्णपणे विनाशुल्क असून माझ्या जुन्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालते. माझे मन जिंकले ते त्यातल्या कॅलिग्राफी टूलने. टोकाचा कोन सुरुवातीला ३० अंश असतो, म्हणजे रोमन लिपीच्या वळणाचा. देवनागरीसाठी बोरू उलट्या बाजूने कापतात, त्यामुळे हा कोन ऋण करून घ्यावा लागतो. तसे केल्यावर ‘क’चा पोट फुगलेला भाग आणि दंडाची जाडी बोरूसारखी उतरू लागली, आणि हे मला कोणी शिकवले नव्हते, याचा थोडा अभिमानही आहे. युनिकोड फाँटमधली जोडाक्षरेही नीट जुळतात. पैठणीच्या पदरावरचा बांगडी मोर एकदा काढला की ‘टाइल्ड क्लोन्स’मधून त्याची आवर्तने सतरा प्रकारच्या सममितींत मांडता येतात, संकल्पचित्राच्या तासाला याचा फार उपयोग झाला.

खरी अडचण छपाईत आहे. इंकस्केपचे काम मुळात आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत चालते, त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत केशरी ऑफसेटवर मळकट उतरतो. त्यावर उपाय म्हणून मी चित्र स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन, रंग तिथे ठरवून सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली, पीडीएफ काढतो. हा फेरा कंटाळवाणा आहे, हे कबूल केले पाहिजे. त्याहून वाईट अनुभव फ्लेक्सच्या दुकानात आला. गणेश मंडळाच्या फलकाची पीडीएफ त्यांनी कोरल या चित्रकामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत उघडली, तर वेलांट्या अक्षरे सोडून भलतीकडे गेल्या. ‘कोरलचीच फाइल आणा,’ एवढेच उत्तर मिळाले, आणि इंकस्केपमधून तशी फाइल निघत नाही. आता दुकानात जाण्याआधी मी सगळा मजकूर निवडून शिफ्ट, कंट्रोल आणि सी दाबून त्याचे पाथ, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकृती, करून घेतो. मग फाँटचा प्रश्नच उरत नाही. मात्र पाथ झालेल्या मजकुरातली चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळी जपावी लागते.

पुण्या-मुंबईच्या जाहिरात संस्थांत अजूनही इलस्ट्रेटरच विचारतात, त्यामुळे शेवटच्या सत्रात मी एका महिन्याची वर्गणी भरणार आहे. पेन टूल, लेयर आणि आकारांची बेरीज-वजाबाकी हातात बसली असल्याने त्या महिन्यात मुख्यतः नवे शॉर्टकटच शिकायचे उरतील.