अकरा हजार सातशे दहा रुपयांचं घड्याळ, जे आता माझ्याकडे नाही

जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर घड्याळ घेताना फसलो. आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला बरं. टोकन २,००० रुपये, उरलेले ९,४००, मागचं झाकण उघडून दाखवायचे १०० आणि माल परत पाठवायच्या कुरियरचे २१०. एकूण ११,७१०. चार अर्ध्या रजा यात धरलेल्या नाहीत.

लाज वाटते ती रकमेची नाही. स्वस्तातली घड्याळं हा माझा बारा वर्षांचा छंद आहे. विकत घ्यायचं, महिनाभर मनगटावर वापरायचं, रोज किती सेकंद पुढे-मागे जातं ते वहीत टिपायचं आणि मग मित्रमंडळींना सांगायचं, घ्या किंवा घेऊ नका. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू खरं की खोटं, हे उजवीकडचं बटण तीन सेकंद दाबून बघायचं, हे ऑफिसातल्या निम्म्या लोकांना मी शिकवलंय. त्या मी मार खाल्ला.

सुरुवात साधी होती. जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर एचएमटी जनता दिसलं. चावीचं, देवनागरी डायलचं, १,३५० रुपयांना. वडिलांकडे तसंच होतं, ते माझ्याच हातून हरवलं, त्यामुळे भाव फारसा केला नाही. चार दिवसांत घड्याळ आलं. भिंगाखाली डायल बघितली, कुठे हात फिरवलेला नाही. आमच्या पेठेतल्या घड्याळजींनी मशीन बघून "ठेवा, चांगलं आहे" म्हटलं. ते आजही चालतंय. हे मुद्दाम सांगतोय, कारण आता प्रत्येक जण विचारतो, "अनोळखी माणसाला एवढे पैसे दिलेच कसे?" अहो, तो अनोळखी राहिला नव्हता! पहिला व्यवहार चोख करणं हा त्याचा खर्च होता, आणि तो माझ्याकडून वसूल झाला.

तीन आठवड्यांनी त्याचाच मेसेज. "सर, तुमच्यासारख्या जाणकारासाठी बाजूला ठेवलंय." सेइको ५ मालिकेतलं एसएनके ८०९, हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारं. छंदातल्यांना सांगायला नको. ३७ मिलिमीटर, काळी डायल, बाहेरच्या कडेला मिनिटं, आतल्या कड्यात तास, कापडी पट्टा. कंपनीने बनवणं बंद केल्यावर भाव चढले ते उतरले नाहीत. त्याने ९,२०० सांगितले, आणि सोबत 'नवंकोरं, जुन्या स्टॉकमधलं' एचएमटी पायलट २,८०० ला. दोन्ही मिळून ११,४०० वर तुटलं.

(नवंकोरं पायलट! घड्याळांचा हा कारखानाच बंद करायला सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. तरी बाजारात कोरे पायलट संपत नाहीत. संपणार कसे, जुन्या डायली पुन्हा रंगवणारे बसलेत ना. हेही मला माहीत होतं.)

मी आंधळेपणाने घेतलं नाही. आजची तारीख आणि माझं नाव लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून व्हिडिओ मागितला. दहा मिनिटांत आला, ४३ सेकंदांचा. आणि इथेच माझं नाक कापलं गेलं.

व्हिडिओत तो चावी पूर्ण बाहेर ओढतो. सेकंद काटा बरोबर बारावर थांबतो. शेजारच्या मोबाइलवर मिनिट बदलतं, तो चावी आत दाबतो, काटा सुटतो. मी काय म्हणालो असेन? "काय शिस्तीचा माणूस आहे!" बायकोला बोलावून दाखवलं. चार वेळा बघितला.

एसएनके ८०९ मध्ये ७एस२६ मशीन असतं. ७एस२६ मध्ये चावी कितीही ओढा, सेकंद काटा थांबत नाही. थांबवायची सोयच त्यात नाही. हाताने चावी देता येत नाही आणि काटा थांबत नाही, हेच दोन दोष मी गेली कित्येक वर्षं या घड्याळाचे म्हणून सांगत आलोय. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तो दोष नसणं हाच खोटेपणाचा पुरावा होता, आणि तेच मी गुण म्हणून बघत बसलो. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, दिवसभर क्लोजिंगचं काम, वर "सर, नाशिकचं गिऱ्हाईक थांबलंय" हा धोशा. तरीही. चार वेळा बघितला हो.

दुसरी खूण लहान होती. मागच्या काचेचा फोटो मागितला, तर "नवं आहे, निळं स्टिकर काढत नाही." या घड्याळाला मागे काच असते ती आतलं मशीन दिसावं म्हणून. जो मागची बाजू दाखवत नाही त्याला रुपयाही देऊ नका, पुढची बाजू कितीही झकास असो.

पार्सल आलं. पायलटचं डायल भिंगाखाली धरलं, अक्षरांच्या कडा पसरलेल्या, ताजा रंग. सेइको घड्याळजींकडे नेलं. झाकण उघडून ते काही बोलले नाहीत, भिंग माझ्या हातात दिलं. मशीन चिनी, वर नाव छापलेलं.

फोन केला तर माणूस माझ्यापेक्षा दुखावलेला. "सर, मलापण पुढच्याने फसवलं. तुम्ही परत पाठवा, हातात पडलं की पैसे टाकतो." आणि मी पाठवलं. फोटो काढले, पण घाईत, मशीनचा एकच आणि तोही हललेला. मंगळवारी डिलिव्हरी झाल्याचं दिसलं. बुधवारपासून त्याचा डीपी गायब, माझ्या मेसेजला एकच टिक. खोटा माल परत पाठवू नका. पैसे आधी, माल नंतर. आपल्याकडे पुरावा म्हणून असतं ते तेवढंच.

हे पोलीस ठाण्यात पहिल्या पाच मिनिटांत कळलं. "घड्याळ मिळालं होतं ना?" हो. "मग फसवणूक कशी?" खोटं होतं. "दाखवा." परत पाठवलं. "का पाठवलं?" या 'का'ला माझ्याकडे आजही उत्तर नाही. एकाने समजुतीने सांगितलं, अकरा हजारात शोरूममधलं छान नवं आलं असतं की. दुसरा म्हणाला, हे दिवाणी प्रकरण आहे. मी म्हटलं, अहो हे सरळ चारशेवीस आहे. तर म्हणे आता चारशेवीस नाही, तीनशे अठरा झालं. कलमाचा नंबर बरोबर सांगितला, अर्ज मात्र घेतला नाही. सायबरवाल्यांकडे जा. तिथे म्हणाले, हद्द तुमच्या ठाण्याची. पुन्हा ठाणे. साहेब बंदोबस्तावर. व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये आणा. आणला, तर प्रिंट काढून आणा. व्हिडिओची प्रिंट! चौथ्या खेपेला पोच मिळाली, तीही मी पायरीवर बसून राहिलो म्हणून. त्यानंतर दोन महिने झाले, एक फोन नाही.

बँक त्याहून थंड. "व्यवहार यशस्वी झालाय, पिन तुम्हीच टाकलाय." मी कुठे म्हणतोय पिन चोरीला गेला? ज्याच्या खात्यात गेले तो कोण, एवढंच विचारतोय. ते ग्राहकाच्या गोपनीयतेमुळे सांगता येत नाही. चोराचीसुद्धा गोपनीयता असते, माझी फजिती तेवढी चव्हाट्यावर.

एक चूक माझी, ती कबूल. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन पैसे गेल्या-गेल्या करायचा असतो, पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत. मी 'परत देतो म्हणालाय ना' या आशेवर नऊ दिवस घालवले.

बायको एकदाच बोलली. "तुम्हाला घड्याळातलं कळतं ना?" पुन्हा विषय काढला नाही, तेच जास्त लागतंय.

परवा त्याच अ‍ॅपवर नवी जाहिरात दिसली. नाव वेगळं, टेबलावरचं फुलाफुलांचं प्लॅस्टिक तेच. एसएनके ८०९, पट्ट्याच्या तिसऱ्या भोकापाशी एक धागा सुटलेला. तो धागा मी नखाने ओढला होता, पार्सल उघडलं त्या संध्याकाळी. जाहिरातीची तक्रार केली, अजून तशीच आहे. किंमत ९,८००. माझ्यानंतर सहाशे वाढवलेत.