आंतरराष्ट्रीय परिषद, मुंबई दर्शनासह: माणशी ११,६१० रुपये

आधी हिशेब. नोंदणी ४,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ८१०, शोधनिबंध छापायचे ३,५००, राहणं आणि मुंबई दर्शन २,८००. रत्नागिरीहून रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडून गेलेल्या प्राध्यापकांना अंधेरीच्या हॉटेलात काउंटरवर कळलं, की त्या परिषदेच्या नावाने हॉल कधी बुकच नव्हता.

आता कोणी शहाणपण शिकवू नये. पदोन्नतीच्या फाइलला प्रमाणपत्र लागतंच. देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला की ५ गुण, हे या ठगांना आपल्यापेक्षा पाठ आहे. शिवाय पत्रक आलं ते कॉलेजच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर, वरिष्ठांकडून. तिथे पत्रकातल्या नंबरांचे अंक कोण मोजत बसतं?

पण ते पत्रक आता पाहिलं की तळपायाची आग मस्तकात जाते. शनि-रवि परिषद, सोमवारी घारापुरी. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात हो! मुंबईत परिषद भरवणाऱ्याला एवढंही ठाऊक नाही? पाल चुकचुकायला हवी होती ती इथेच. खाली 'आयएसएसएन', म्हणजे नियतकालिकाचा क्रमांक, म्हणून ९७८ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर. तो पुस्तकाचा आयएसबीएन. आयएसएसएन आठच अंकी असतो. वर 'यूजीसी केअर'चा शिक्का, म्हणजे यूजीसीची मान्य नियतकालिकांची यादी, जी २०२५च्या फेब्रुवारीतच बंद झाली. पैसे भरायचा क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं, तर पिन टाकू नका. आणि हॉटेलला फोन करायचा तो त्यांच्या वेबसाइटवरच्या नंबरवर, पत्रकातल्या नव्हे.

पुढची टोलवाटोलवी तर विचारू नका. रत्नागिरीचं पोलीस ठाणं म्हणतं, मुंबईत घडलं, तिकडे जा. मुंबईचं म्हणतं, पैसे रत्नागिरीच्या खात्यातून गेले, तिकडेच द्या. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली जाते, पण पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. महिन्याने फोन करून हाती नुसता तक्रार क्रमांक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावीच लागते. हे लेखी अर्जात घाला, यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, जोडा, पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी सांगाल तर चहासुद्धा मिळणार नाही.

पावतीवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा. पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो. या पावतीवर चौदाच होती. सरकारच्या नावाने माणशी ८१० रुपये उकळले, आणि सरकारी टेबलांवर त्याबद्दल एकानेही प्रश्न विचारला नाही.