हंसाचा पंख मोडला तर पट्टी बांधायची की पंख काढायचा?
कुत्र्याने धरलं की पाळीव हंसाचा बरेचदा पंखच जातो, आणि मग घरात वाद सुरू, बांधून वाट बघू का काढूनच टाकू.

हाड साधं मोडलंय, कातडी फाटली नाहीये तर बांधणंच बरं. पक्ष्यांची हाडं लवकर जुळतात, साधारण 3-4 आठवडे, फक्त पट्टी छातीभोवती आवळायची नाही कारण पक्ष्यांना आपल्यासारखा डायफ्रॅम (छाती-पोटामधला श्वासाचा पडदा) नसतो, छातीचं हाड हललं तरच श्वास घेता येतो, घट्ट बांधलंत तर गुदमरेल बिचारा. आणि एकटं कोंडू नका, जाळीपलीकडे जोडीदार दिसू दे, नाहीतर खाणंच सोडेल. वैताग म्हणजे पट्टी चोचीने ओढून काढतो आणि परत बांधायला गेलं की चावतो!

हाड बाहेर आलंय, काळं पडलंय, वास येतोय, तर मग काढलेला बरा. ऐकायला भयंकर वाटतं पण जड पाळीव हंस तसाही फारसा उडत नाही, जखम भरली की चालतो, पोहतो. भुलीचा धोका आहेच, त्यामुळे पक्ष्यांची सवय असलेला व्हेट शोधा. नराला मात्र मादीवर चढताना तोल सांभाळायला जड जातं.

पायाचं गणित वेगळं, तिथे कापणं अगदी शेवटी, सगळं वजन दुसऱ्या पायावर येऊन तळव्याला जखमा होतात.

पेनकिलर दोन्हीकडे डॉक्टरच देणार, घरातलं डायक्लोफिनॅक अजिबात नको, आपल्याकडची गिधाडं त्यानेच गेली ना.