ग्रंथालयाचे संकेतस्थळ: स्थिर पाने, तयार प्रणाली की स्वतःचे वेब ॲप?

तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचे संकेतस्थळ उघडले की बहुधा संस्थेचा इतिहास, कार्यकारिणीची यादी, वेळापत्रक आणि ग्रंथसूचीची एक पीडीएफ एवढेच हाती लागते. वाचक फोन करतो तो वेगळ्याच प्रश्नांसाठी: अमुक पुस्तक सध्या आत आहे का, घेतलेल्या पुस्तकाची मुदत कधी संपते, वर्गणी किती थकली आहे. ही उत्तरे संकेतस्थळानेच द्यावीत असे ठरले, की तीन मार्ग समोर येतात. आहेत ती स्थिर पाने, म्हणजे प्रत्येक वाचकाला सारखीच दिसणारी आधीच लिहून ठेवलेली पाने, सुधारता येतात, तयार ग्रंथालय प्रणाली बसवता येते किंवा स्वतःचे वेब ॲप बनवून घेता येते.

स्थिर पानांना लगेच मोडीत काढू नये. त्यांच्यामागे डेटाबेस नसतो, सभासदांचे पासवर्ड नसतात, त्यामुळे चोरीला जाण्यासारखे फारसे काही नसते. साध्या फोनवरही ती चटकन उघडतात आणि होस्टिंगचा खर्च नगण्य असतो. ग्रंथशोधासाठी सर्व्हर लागतोच, हाही गैरसमज आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते. एका पुस्तकाचे नाव व लेखक मिळून ५० चिन्हे धरली, तर २०,००० पुस्तकांची यादी सुमारे ३ एमबी भरते आणि संक्षेपित करून पाठवल्यास बरीच लहान होते. ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये उतरवून तिथेच शोध चालवता येतो. पुस्तक आत्ता कपाटात आहे की बाहेर गेले आहे, हे मात्र ही यादी सांगू शकत नाही, कारण ते देवघेवीच्या प्रत्येक नोंदीबरोबर बदलते. मुदतवाढ, राखीव नोंद आणि वर्गणी यांचेही तसेच आहे. वाचकांचे प्रश्न मुख्यतः यांपैकी असतील, तर स्थिर पानांची धाव इथे संपते. म्हणून आधी पंधरवडाभर देवघेवीच्या खिडकीवर व फोनवर आलेला प्रत्येक प्रश्न वहीत टिपावा. कंत्राटदारांचे दरपत्रक त्यानंतर मागवावे.

कोणताही मार्ग घेतला तरी मराठी शोधाचा प्रश्न सुटत नाही, आणि माझ्या मते खरे काम तिथेच आहे. जुनी ग्रंथसूची युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक देणारी प्रमाण पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर ती दिसते देवनागरी, पण आत असतात वेगळीच अक्षरे. प्रथम तिचे रूपांतर करून ती ओळीओळीने तपासावी लागते. युनिकोडमध्येही अडचणी आहेत. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र काही जण नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून लिहितात, तर काही जण साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते निराळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे प्रमाण सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. ‘ॲ’ हे एकच चिन्ह आणि ‘अ’ला वेगळी चंद्रखूण जोडून केलेले रूप, यांचीही तीच गत. शिवाय १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांच्या नावांत ‘कांहीं’सारखे अनुच्चारित अनुस्वार असतात. ही रूपे शोधापुरती एकत्र आणणारा छोटा भाग न लिहिता दिलेले ॲप कितीही देखणे असले, तरी वाचकाला ‘पुस्तक आढळले नाही’ असेच सांगेल.

तयार प्रणालींत कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर सर्वपरिचित आहे. ते १९९९मध्ये न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी तयार झाले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ई-ग्रंथालय ही प्रणालीही आहे. देवघेव, मुदतवाढ, दंड, राखीव नोंद हे सारे अशा प्रणालींत आधीच विचारपूर्वक बसवलेले असते. कोहातील नोंदी मार्क २१ या प्रमाणित साच्यात राहतात, त्यामुळे उद्या प्रणाली बदलली तरी नोंदी सोबत नेता येतात. लिनक्स सर्व्हर सांभाळणारा आणि बॅकअप घेणारा माणूस मात्र नेमावा लागतो. मराठी शोध वरील उदाहरणांवर आधी तपासून घ्यावा.

स्वतःचे ॲप बनवण्याचे समर्थन मी क्वचितच करेन. कार्यपद्धती खरोखर वेगळी असेल, उदाहरणार्थ गावोगावी पेट्या पाठवणारी फिरती देवघेव असेल, तर ते रास्त ठरते. तेव्हाही वाचकांची पाने सर्व्हरवरच तयार करून पाठवावीत आणि परस्परसंवादी भाग शोधपेटी व मुदतवाढीचे बटण एवढ्यापुरताच ठेवावा. सगळे काही ब्राउझरमध्येच रचणारे एकपानी ॲप स्वस्त फोनवर व कमकुवत नेटवर्कवर प्रथम कोरे पान दाखवून ताटकळत ठेवते. बारकोड यंत्रासाठी ते हवे, हा युक्तिवादही टिकत नाही. बहुतेक यंत्रे संगणकाला कीबोर्डच वाटतात आणि आकडा भरून शेवटी एंटर दाबतात, ते साध्या फॉर्मलाही चालते. वारंवार इंटरनेट जाणाऱ्या गावी देवघेवीच्या खिडकीवरील पडदा तेवढा ऑफलाइन चालणारा करावा.

लॉगिन आले की जबाबदारीही येते. ओटीपीचे एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियमांनुसार संदेशाचा मसुदा डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर नोंदवावा लागतो. एकाच मोबाइलवर घरातील चौघे सभासद असणे नित्याचे आहे, त्यामुळे ओळख सभासद क्रमांकावरच ठेवावी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक असून त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. बालविभाग असलेल्या ग्रंथालयाने वाचनाचा इतिहास साठवायचा की पुस्तक परत येताच पुसायचा, हे करार करण्यापूर्वी ठरवावे. त्याच करारात सर्व नोंदी मागताच प्रमाणित साच्यात परत मिळतील आणि संकेतस्थळाचे डोमेन संस्थेच्याच नावावर राहील, ही दोन कलमे घालावीत. जुन्या पानांचे पत्तेही नव्या पानांकडे कायमचे वळवून घ्यावेत. इतरत्र दिलेल्या दुव्यांवरून येणारा वाचक त्यामुळे रिकाम्या पानावर जाणार नाही.