तलावपाळीची फेरी की सोसायटीच्या हॉलमधली बैठक?

‘माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे का, म्हणजे आपले निर्णय खरंच आपण घेतो का?’ अशा प्रश्नावर ठाण्यात बोलायचं तर दोन सोयी. तलावपाळीला फेऱ्या मारत बोला, नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये गोल करून बसा.

फेरीला तिघंच बरे. चौथा मागे पडतो, त्याला अर्धंच ऐकू येतं. सकाळी लवकर जा, संध्याकाळी हॉर्नमुळे वाक्यं तुटतात. मुद्दा अडला तरी पाय चालू असतात, म्हणून गप्प राहणं जड जात नाही. ‘माझं चुकलं’ हेही चालताना सहज म्हणता येतं.

पुरावा तपासायचा असेल तर मात्र बैठकच हवी. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग घ्या. तबकडीवर २.५६ सेकंदांत एक फेरा मारणारा ठिपका. हात हलवावासा वाटला त्या क्षणी तो कुठे होता, हे सांगायचं. मेंदूतली विद्युत हालचाल कृतीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली, इच्छेची जाणीव सुमारे २०० आधी. चालताना हे आकडे हमखास उलटसुलट होतात. फळ्यावर आडवी रेघ ओढून खुणा केल्या की खरा वाद पेटतो: ती हालचाल म्हणजे निर्णय, की नुसती तयारी? आणि जाणिवेची वेळ ज्याची त्यानेच सांगितलेली, तिच्यावर किती विसंबायचं?

बैठक बिघडते ती शब्दांवरून. पहिली दहा मिनिटं ‘स्वातंत्र्य’ म्हणजे काय यावरच द्या, नाहीतर दीड तास दोन वेगळ्याच गोष्टींवर भांडण होतं. माणसं आठ-दहा पुरेत. आणि खुर्च्या रांगेत लावू नका. रांग लागली की एक बोलतो, बाकीचे ऐकतात.