मुंबई–न्यूयॉर्क: अंतराला पैकीच्या पैकी, वेळेला शून्य

भाऊ न्यू जर्सीत आणि आईचं सारखं जाणं-येणं, म्हणून विमानाचं अंतर आणि वेळ काढून देणाऱ्या या ॲपचे वर्षाचे पैसे भरले. बरेच महिने वापरतोय, पण परवाच्या रात्रीनंतर लिहिल्याशिवाय राहवेना.

मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ सुमारे १२,५३० किमी. ॲप सांगतं सव्वापंधरा तास. जातानाही तेच, येतानाही तेच! अहो, असं कसं होईल? दहा-बारा किमी उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा झोत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात त्याला जोर जास्त. जाताना तो विमानाच्या तोंडावर, येताना पाठीशी. म्हणून थेट विमानाला जायला सोळा तासांच्या आसपास लागतात, यायला साधारण साडेचौदा. हे ॲप अंतराला ताशी ८५० नं भागतं, वर अर्धा तास लावतं आणि मोकळं होतं. म्हणजे उत्तर दोन्हीकडून चूक.

परवा विमान सुटल्याचं भावानं कळवलं, त्यात ॲपची वेळ मिळवून मी पुण्याहून गाडी काढली. विमान पाऊण तास आधीच टेकलं. सत्तरीची आई मुंबई विमानतळाच्या टी-२ च्या बाहेर ट्रॉली धरून उभी, फोनमध्ये इथलं सिम नाही. शेजारच्या एका मुलीच्या फोनवरून तिनं मला गाठलं तेव्हा मी वाशीच्या पुलावर होतो.

तक्रार केली तर ‘वेळ अंदाजे आहे’ एवढंच छापील उत्तर. पैसे परत नाहीत. अंदाज फुकटातही मिळतो, त्याचे पैसे कसले घेता?

ॲप काढूनच टाकणार होतो, तेवढ्यात मधला बिंदू घालायची सोय हाती लागली आणि मत थोडं बदललं. जवळची वाट पाकिस्तानवरून जाते आणि २४ एप्रिल २०२५ ला त्यांनी आपल्या विमानांना हद्द बंद केली. मध्ये मस्कत घालून पाहिलं: सुमारे १२,९१० किमी. जेमतेम ३८० किमी जास्त, अर्ध्या तासाच्या आतलं काम. आमचे नातेवाईक सगळं खापर त्या वळशावर फोडतात, पण मुंबईकरांना वारा जास्त महागात पडतो. दिल्लीकरांचं दुखणं मोठं, त्यांची वायव्येची वाट सुरुवातीलाच अडते.

नकाशाही सुरेख आहे. मुंबईहून रेघ वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून निघते आणि जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कधी दिसलं नसतं. न्यूयॉर्कच्या घड्याळाचा साडेनऊ-साडेदहा तासांचा फरकही बरोबर सांभाळतं.

तेव्हा अंतरासाठी खुशाल घ्या. वेळ मात्र विमान कंपनीच्या वेळापत्रकातूनच बघा, त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणंही धरलेलं असतं. मी पुढच्या वर्षी पैसे भरणार नाही. जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी दाखवायला लागले, तर त्याच दिवशी भरीन.